मोगलाईतला दाखला

अकोल्याच्या एका कापसाच्या प्रेसवर सहदेव तीन हंगाम रुईच्या गठाणी बांधत होता, आणि त्या तीन हंगामांत ‘तू कुठला’ म्हणून त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काय होतं? प्रेसमधली निम्मी माणसं पैनगंगेपलीकडची, निजामाच्या मुलखातली. त्या मुलखाला वऱ्हाडात मोगलाई म्हणत. कापूस फुटला की माणसं यायची, हंगाम सरला की जायची. सहदेव तेवढा जात नसे. तो आणि त्याची बायको कौशल्या जठारपेठेच्या मागं, पार्बताबाई माळणीच्या वाडीत एक छप्पर घालून राहिली होती. म्हातारी मेथी-वांगी पिकवून बाजारात विकायची, कौशल्या तिची खुरपणी करायची.

महायुद्धाचं तिसरं वर्ष होतं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि प्रेसच्या आवारातली कापसाची गंजी पेटली. कशानं पेटली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण राख निवायच्या आत सगळ्यांच्या तोंडी एकच बोलणं झालं होतं, की हे काम बाहेरच्या माणसाचं. हे पहिल्यांदा कोण बोललं ते विचारायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी हजेरीचे कारकून उत्तमराव फाटकावर उभे राहिले. एरवी ते नावं पुकारायचे आणि पितळेचे बिल्ले वाटायचे. त्या दिवशी बिल्ल्यांची पेटी बंदच होती.

“ज्याचं गाव वऱ्हाडात नाही, त्यानं आपल्या गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आणायचा,” ते म्हणाले. “नाव, बापाचं नाव, जात, आन् गावात याच्यावर काही गुन्हा नाही, असं लिहून. मोहोर पाहिजे. पंधरा दिवस देले. त्याच्यानंतर बिनदाखल्याचा माणूस कामावर नाही.”

“आन् दाखला नाही भेटला तं?” देवीदासनं विचारलं. तोही मोगलाईतलाच, सहदेवच्या शेजारी गठाणी बांधणारा.

“कावून नाही भेटला, ते मंग ठाण्यातून पुसतीन.”

सहदेवच्या गावचे पोलीस पाटील म्हणजे खुशालराव.

चार वर्षांपूर्वी पाटलांच्या घरी लग्न होतं. गावातल्या रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस वेठीला बोलावला, आणि सहदेव रानात होता म्हणून शिपाई कौशल्यालाच घेऊन गेला. तिला आठवा महिना होता. दिवसभर जात्यावर बसवलं, संध्याकाळी पाण्याच्या घागरी वाहायला लावल्या. मूल गेलं. दुसऱ्या दिवशी सहदेव चावडीपुढं उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, “पाटील, आजपासून माझ्या घरचं माणूस तुमच्या दारात येणार नाही.” पाटील हसले नाहीत की रागावले नाहीत. नुसतं त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेलाच भिऊन त्यानं आठवड्यात गाव सोडलं होतं.

आता त्याच दारात जायचं होतं. लांबच्या वळशानं हिंगोलीपर्यंत रेल्वे आणि पुढं चार कोस पायी. पाटील काय बोलतील आणि आपण काय बोलायचं, ते तो वाटभर जुळवत गेला. माफी मागू, पाय धरू, जमिनीवर नाक घासू, पण कागद आणू.

पण त्यातलं काहीच करावं लागलं नाही. पाटलांनी त्याला ओसरीवर बसवलं. चहा दिला, तोही कपबशीत.

“कौशल्या बरी हाय ना?” त्यांनी विचारलं. नावानिशी विचारलं. “कुठं राहता अकोल्यात? कुणाच्या वाडीत? अस्सं! माळणीच्या. बरंय, बरंय.”

सहदेवनं सगळं सांगितलं. सांगत असतानाच त्याला वाटलं, हे आपण कशाला सांगतोय? पण जीभ थांबेना. पाटलांनी लिहिणाऱ्याला आत बोलावलं, दार ओढून घेतलं आणि घटकाभरानं लाखेची मोहोर केलेलं पाकीट बाहेर आणून त्याच्या हातात ठेवलं.

“सायबाच्याच हातात द्यायचं. वाटेत फोडू नको. मोहोर मोडली तर कागद बाद, आन् मोडणाराबी बाद.”

वेशीबाहेर येईतो सहदेवनं तीनदा मागं पाहिलं. कुणीच येत नव्हतं.

कौशल्यानं पाकिटाला हात लावला नाही. चुलीपुढं बसूनच विचारलं, “गोड बोलले?”

“हो.”

“चहा पाजला?”

“पाजला.”

“मंग वाचून घ्या.”

पार्बताबाईंनी दोघांना उर्दू शाळेच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे नेलं. मोगलाईतला सरकारी कागद उर्दूतच असायचा. मास्तरांनी पाकीट उलटंसुलटं केलं आणि मान हलवली. मोहोर ते तोडणार नव्हते. पण कागद पातळ होता. अंगणात जाऊन त्यांनी तो उन्हासमोर धरला, डोळे बारीक केले. ओठ हलत होते.

“तुम्हारा नाम है. बाप का नाम है.” “चोरी लिखा है, बेटा. और फरार.”

“आन् पुढं?” कौशल्यानं विचारलं.

“आगे मोहर की लाख आ गई. दिखता नहीं.”

मुदतीचे दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास कामावर आला नाही. त्याला दाखला मिळाला नव्हता, तो मिळणारही नव्हता, कारण त्याचं गावच तापाच्या साथीत उठून गेलं होतं. तो रातोरात निघून गेला. दुपारी ठाण्याची माणसं त्याच्या खोलीवर जाऊन आली. संध्याकाळपर्यंत सगळी प्रेस सांगत होती की गंजी देवीदासनंच पेटवली. सहदेवला ठाऊक होतं की आगीच्या वेळी देवीदास त्याच्याजवळ बसून भाकर खात होता. त्यानं ते दोघांना सांगितलं. दोघांनीही ऐकून घेतलं, आणि मग त्याच्यापासून जरा लांब सरकून बसले.

“आपणबी जाऊ,” तो कौशल्याला म्हणाला. “भातकुलीकडे जाऊ. पार्बतामावशीचा भाऊ हाय तिथं.”

“पयून गेलो तं कागद खरा होते,” कौशल्या म्हणाली. “देवीदासचं पायलं ना?”

म्हणून शेवटच्या दिवशी, प्रेसच्या फाटकावर न जाता, सहदेव पाकीट घेऊन सरळ ठाण्यात गेला. बरोबर पार्बताबाई आणि मास्तर होते. फौजदार केशवराव शांत माणूस होता. त्यानं मोहोर फोडली, हवालदाराकडून कागद वाचून घेतला. सदर इसम धान्याची चोरी करून फरार आहे, संगतीचे लोक वाईट आहेत, सध्या जठारपेठेमागं पार्बताबाई माळणीच्या वाडीत दडून आहे. पार्बताबाईंनी आपलं नाव ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

सहदेवनं सगळं सांगितलं. वेठ, मूल, चावडी. फौजदारानं मधेच तोडलं नाही.

“तू खोटा असतास तर हा कागद घेऊन आला नसतास,” तो शेवटी म्हणाला. “पण हे माझं मत झालं. हिंगोलीला लिहून विचारतो. उत्तर येईपर्यंत रोज दिवेलागणीआधी इथं येऊन हजेरी द्यायची. शहराची हद्द सोडायची नाही.”

“किती दिवस, सायेब?”

“महिनाभर धर.”

बिल्ला त्याच दिवशी गेला. उत्तमरावांनी तो पेटीतून काढून बाजूला ठेवला, पण सहदेवकडे पाहिलं नाही. “ठाण्याच्या हजेरीचा माणूस ठेवता येत नाही रे. मालकाचा हुकूम हाय.”

सहदेव पार्बताबाईंच्या वाडीत मोट हाकू लागला. महिना गेला, हंगाम गेला. हिंगोलीहून उत्तर आलं नाही. केशवरावांची बदली झाली. भातकुलीहून म्हातारीच्या भावानं, सूर्यभाननं, निरोप पाठवला की संत्र्याच्या बागेला माणूस पाहिजे, राहायला घर देतो. सहदेवनं ठाण्यात विचारलं. हद्द सोडता येणार नाही, म्हणाले.

दर वर्षी हजेरीचं नवं बुक यायचं आणि जुन्यातली नावं त्यात उतरवली जायची. पहिल्या वर्षी सहदेवच्या नावापुढं सगळी हकीकत होती. दुसऱ्या वर्षी नुसतं ‘चौकशी चालू’. तिसऱ्या वर्षी लिहिणाऱ्यानं तेही गाळलं. चौथ्या वर्षी आलेल्या फौजदारानं एका संध्याकाळी विचारलं, “तू कशाबद्दल येतोस?”

सहदेवनं पुन्हा सगळं सांगितलं. फौजदारानं कागद शोधायला लावला. दोन दिवस शोधला. मिळाला नाही.

सहदेवला वाटलं, सुटलो.

“कागदच नाही,” फौजदार म्हणाला, “तर नाव कमी कशाच्या आधारानं करू? येत जा.”

मधल्या काळात कौशल्याला मुलगी झाली होती. सत्यवती नाव ठेवलं होतं. ती तीन वर्षांची असताना सहदेवला हिवतापानं धरलं आणि तीन दिवस तो उठू शकला नाही. चौथ्या दिवशी दुपारी शिपाई वाडीत आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. छपरापाशी उभा राहून त्यानं आत पाहिलं, आजारी माणूस पाहिला, आणि काखेतलं बुक काढलं.

“बायकोचं नाव?”

“कौशल्या.”

“पोरीचं?”

कौशल्यानं पोरीला मागं ओढलं. “तिचं कावून? तिनं काय केलं?”

“केलं नाही वो बाई. रकाना हाय. मानूस हजेरीला नाही आला तं घरात कोन कोन हाय, ते लेहा लागते.” पेन्सिल थुंकीनं ओली करून तो थांबला. “नाव सांगा.”

कौशल्या पोरीपुढं आडवी उभी राहिली. शिपाई जाईना. वांग्यांच्या वाफ्यापाशी पार्बताबाई खुरपं धरून उभ्या होत्या.

सहदेव बाजेवरून उठला. भिंतीला धरून उभा राहिला, डोक्याला पटका गुंडाळला. “तिचं नाव लेहू नका,” तो म्हणाला. “मी येतो.”

शिपायानं बुक मिटलं, पण बोट त्याच पानात ठेवलं. सहदेव त्याच्या मागं चालू लागला. वाट अर्ध्या कोसाची होती, आणि दोनदा त्याला खाली बसावं लागलं. दोन्ही वेळा शिपाई थांबला, आणि बोट पानातून काढलं नाही.