चाचांचं हुंझा

हुंझाचं खोरं आमच्या कंपनीतल्या चाचांइतकं कुणालाही ठाऊक नाही, हे मी खुद्द हुंझात जन्मलेल्या माणसांसमोरही छातीठोकपणे सांगेन. कुठल्या वळणावर राकापोशीचं शिखर एकदम अंगावर येतं, अट्टाबादचं तळं किती वाजता निळं दिसतं आणि किती वाजता हिरवं, जर्दाळू आधी खालच्या गावात फुलतो की वरच्या, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. फक्त चाचा तिथं कधी गेलेले नाहीत. ते दापोलीकडच्या खाडीकाठचे, भारताच्या पासपोर्टवर दुबईत आलेले, आणि हुंझा पडलं पाकिस्तानात. त्यांनी दोनदा व्हिसाचा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. बर्फ म्हणून त्यांनी जो काही पाहिलाय तो जबल अलीच्या आमच्या कोल्ड स्टोअरमधला, मटारच्या पिशव्यांवरचा. तिथे ते सुपरवायझर आहेत.

हे सगळं ज्ञान उस्तादांकडून आलेलं. उस्ताद म्हणजे कंपनीचे ट्रेलर ड्रायव्हर, पक्के हुंझाचे, आणि अल क्वोजच्या कामगार कॅम्पातल्या खोलीत एकवीस वर्षं चाचांचे सोबती. चाचांची खाट खिडकीशी, उस्तादांची दाराशी. रोज जेवताना एकानं खोरं सांगायचं आणि दुसऱ्यानं खाडी. त्यामुळे कोकण न पाहिलेले उस्ताद कोकणाचे तेवढेच जाणकार झाले होते. एका सुट्टीत आम्ही दापोलीला निघालो तर त्यांनी मला गेटवर अडवलं आणि बजावलं, "मॅडम, दाभोल में गाडी पहले फेरीबोट पे चढ़ाना, चाय बाद में पीना. दूसरी बोट देर से आती है." आम्ही आधी चहा प्यायलो. दुसरी बोट खरंच उशिरा आली.

चाचांनी मात्र ज्ञान नुसतं साठवून ठेवलं नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात ज्याला ज्याला हुंझाला जायची मुभा आहे, त्याला ते गाठतात. इजिप्तचा, केनियाचा, फिलिपिन्सचा, कुणीही चालतो. मग गोदामाच्या डिलिव्हरी स्लिपच्या पाठीवर नकाशा निघतो. जाताना उजवीकडची खिडकी, येताना डावीकडची. डिस्पॅचमधली फिलिपिनो मुलगी परत येऊन कौतुकानं सांगू लागली की तळं काय हिरवंगार होतं, तर चाचांचा चेहरा पडला. "यू वेंट टेन ओ'क्लॉक? आय टोल्ड फोर. गो अगेन." ती बिचारी हसली, पण चाचा हसले नाहीत. माझ्या लेकीनं त्यांना एकदा तोंडावरच विचारलं, "चाचा, हॅव यू इव्हन बीन देअर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा शांतपणे म्हणाले, "बेटा, चंद्र किती लांब आहे हे ज्यांनी मोजलं, ते सगळे काय चंद्रावर जाऊन आले होते?"

गेल्या वर्षी उस्तादांचे गुडघे गेले. ट्रेलरच्या पायऱ्या चढवेनात, मग कंपनीनं हिशेब केला, व्हिसा कॅन्सल, खलास. चाचा त्यांना विमानतळावर सोडून थेट कामावर आले आणि दिवसभर कोल्ड स्टोअरच्या आतच राहिले. बाहेर या म्हटलं तर म्हणाले, "आत बरं वाटतंय." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही नुसती ताटातूट नव्हती. चाचांना उस्तादांच्या गावी जाता येत नाही, उस्तादांना चाचांच्या. दोघांना शेजारी बसायला जगात जागा आहे ती दुबईतच. आणि चाचाही रमजानच्या आधी कायमचे घरी जायचे होते. चाचींनी ओटीला नव्या फरश्या घालून ठेवल्या होत्या. चाचा गेले की यांची भेट संपली, हे दोघांनाही माहीत होतं.

मध्यंतरी ती डिस्पॅचवाली मुलगी खरंच पुन्हा हुंझाला निघाली. या खेपेला चाचांनी नकाशात तळ्याच्या पुढे एक घर काढून दिलं, आणि सोबत गुडघ्याचे दोन पट्टे आणि कोकमांची पिशवी. ती परतली तेव्हा मी गोदामातच होते. तिनं फोन पुढे केला. तळं चार वाजताचं होतं, निळंशार. चाचांनी ते बघितलं न बघितलंसं करून पुढे सरकवलं. राकापोशी सरकवलं, फुललेले जर्दाळू सरकवले. शेवटच्या फोटोत दाराशी काठी धरून उस्ताद उभे होते, आणि मागे आभाळभर पहाड. चाचांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, पण चेहरा नुसता धुरकट होत गेला.

"एवढा डोंगर कशाला घेतला हिनं?" ते मला म्हणाले. "माणूस केवढासा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी ते नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले; कामगारांचे कागद मीच बघते. तीस वर्षं घरी जायचे बेत करणारा हा माणूस आणखी एक वर्ष मागत होता. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की उस्ताद व्हिजिट व्हिसावर येतो म्हणाले होते, इन्शाल्ला. चाचींना काय सांगितलं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

"कारण काय लिहू, चाचा?"

"लिही, पाहुणा यायचाय."

असं कारण कंपनीत चालत नाही, म्हणून मी 'वैयक्तिक' लिहिलं. मुदत मिळाली. उस्तादांचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलंय. दाराजवळची खाट कॅम्पवाले दुसऱ्या कुणाला देऊ म्हणतात, आणि चाचा त्यांना दर महिन्याला सांगतात, थोडं थांबा.