कापसाच्या रानातली कॅसेट

काल ट्रंक आवरताना एक कॅसेट सापडली. कव्हर उघडताच जुन्या प्लास्टिकचा वास आला आणि मी तेलगावच्या आमच्या कापसाच्या रानात जाऊन पोहोचलो. ऐंशीच्या दशकातल्या एका विलायती हार्ड रॉक बँडचा तो अल्बम, त्यांच्या चाहत्यांनीही कधी मनावर न घेतलेला. माझा मात्र जीव होता त्याच्यावर.

त्या वर्षी मी बारावीला नापास झालो होतो आणि आईनं महिनाभर अबोला धरला होता. आम्ही दोघं शेजारच्या ओळींत कापूस वेचत होतो. करमेना म्हणून मी बांधावर टेपरेकॉर्डर ठेवून ती कॅसेट लावली. गिटार कडाडली, बगळे उडाले आणि आईचा हात थांबला.

"कावून वरडायलाय रं ह्यो?"

"गाणं हाय, आई."

"दम लई हाय गड्याच्या छातीत," म्हणून ती खुदकन हसली. मग ओटीतला कापूस सावरत म्हणाली, "लाव परत."

संध्याकाळपर्यंत आम्ही ती बाजू चार वेळा ऐकली आणि पोटभर बोललो. आईला ते संगीत आवडलं होतं, असंच मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आता माझी लेक माझ्यावर रुसून बसते आणि मग काहीबाही कारण काढून बोलायला येते, तेव्हा कळतं की आई महिनाभर बोलायला निमित्तच शोधत होती.