जळण वेगळं, लाकूड वेगळं

लाकडाचा तुकडा हातात आला की आबा आधी बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे आणि मग कुणावर तरी चिडायचे. तुकडा चांगला निघाला तर तोडणाऱ्यावर, किडका निघाला तर आणून दाखवणाऱ्यावर. "जळण वेगळं, लाकूड वेगळं. चुलीत घालायच्या आधी इचारत जावा," हे तर सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

असा एखादा चिडका म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. आमच्या गावच्या आबांनी ओढ्याकाठचं दीड एकर रान कधी नांगरलंच नाही. बाभळी, लिंब आणि त्यांनी स्वतः लावलेली शिसवं. चारी बाजूंनी सोयाबीन आणि मधे ही झाडी. येणारेजाणारे मुद्दाम विचारायचे, "आबा, काय पिकायलंय रानात?"

"सावली. बस की खाली. फुकट हाय, तुझ्यासारख्याला परवडंल."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती चोरीतून. शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा हव्या होत्या आणि विचारायची लाज वाटली, म्हणून न विचारताच शिरले. मागून आवाज आला, "कोण हाय?" मी गप्प. "तोंड हाय का न्हाई?" मी पदरातल्या शेंगा घट्ट धरल्या.

"पडलेल्या येच. फांदीला हात लावलास तर शेळ्या मी ठिवून घेईन."

दुसऱ्या दिवशी गेले तर शेंगांचा ढीग झाडाखाली लोटून ठेवलेला. वर झाडू टेकवलेला. पुढे मी त्यांची लाटणी, रव्या, पोळ्याचे लाकडी बैल काचकागदाने घासून द्यायला लागले. तीही चिडचिड ऐकतच. "भाकरी थापायलीस का घासायलीस? रेषेच्या बाजूनं हात फिरीव."

झाड तोडायचं ते अंधाऱ्या पंधरवड्यात, चांदणं वाढत असताना कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. एक तोडलं की दोन रोपं जगवायची आणि मगच दुसऱ्याकडे बघायचं. तोडलेला ओंडका ते दगड बांधून रानातल्या जुन्या विहिरीत सोडायचे. "रस धुऊन गेला की भुंगा तोंड लावत न्हाई." तिथून काढून मग शेडात वर्षानुवर्षं वाळवायचे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "प्लास्टिकचं घे. ते आजच्या आज भेटतंय."

ताडकळसच्या बाजारात मला शेजारी बसवायचे. "लाटणं घ्या, असं वरड."

मी ओठ हलवले.

"शेळी बी यापेक्षा मोठ्यानं बोलती."

एका बाईने लाटणं उचलून विचारलं, "आबा, ही मुकी हाय का?" आबा तिच्यावरच उखडले. "मुकी न्हाई. तुमी समदे बोलायलाव, तिला जागा कुठं हाय?" मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. तर पुन्हा माझ्यावर, "हसायला तेवढं जमतंय."

माझी काठवट सासूच्या वेळची, मधोमध तडकलेली. तिला पत्र्याची पट्टी ठोकली होती आणि पीठ मळताना ती बोटाला लागायची. आबांनी एकदा माझं बोट पाहिलं. काही दिवसांनी शिसवाचा एक जाड ओंडका विहिरीत सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याची काठवट व्हईल. ज्याला पाहिजे त्यानं तोंडानं मागावी." तीन वर्षं तो ओंडका पाण्यात राहिला. मी मागितली नाही. उद्या मागू, असं रोज वाटायचं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला. एक दिवस मला शेडामागे घेऊन गेले. तिथे वाकड्या, पोकळ बाभळीचा ढीग रचलेला होता, वर काटेरी फांद्या झाकलेल्या. "हे माझं जळण. मला ह्याच्यावर जाळायचं. शेडातल्या लाकडाला कुणाला हात लावू देऊ नको."

मी मान हलवली.

"मान नको हलवू. बोल."

"हो आबा," मी म्हणाले.

पोळ्याच्या आधी आबा गेले. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. परभणीहून पुतण्या आला. घाईत होता. ट्रॅक्टर थेट शेडाला लावला. "घरचंच लाकूड हाय, वाळलेलं हाय, सरळ हाय. रचायला बरं पडंल." आठ-आठ वर्षं वाळवलेलं शिसव माणसं खांद्यावरून आणून ट्रॉलीत फेकत होती. एक अर्धा कोरलेला बैलही गेला, शिंगं तेवढी काढायची राहिली होती.

मी बायांमध्ये उभी होते. ते जळण नाही, जळण मागे आहे, एवढंच बोलायचं होतं. शब्द दातांपर्यंत आला. ट्रॅक्टरभोवती वीस-पंचवीस माणसं होती, सगळी पुरुष माणसं, आणि मी पदर चावत उभी राहिले. ट्रॅक्टर गेला. आयुष्यभर जे जळू दिलं नाही, त्याच्यावरच आबांना जाळलं.

बाया म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. मी सोडत नाही. पुतण्याचा मला राग येतो, खांदा देणाऱ्यांचा येतो. पण त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ह्या रागाला मी रोज चुलीपाशी बसवते आणि तो रोज जेवून उठतो.

तेराव्यानंतर पुतण्याला शेडामागचा ढीग दिसला. काटे पायाने सारत म्हणाला, "हितं एवढं जळण पडलंय की. आधी दिसलं असतं तर तिकडचं चांगलं लाकूड इकता आलं असतं." मला त्याच्या तोंडावर शेण फेकावंसं वाटलं. मी शेळीची दोरी ओढली.

मग त्याने रान तोडायला दिलं. मशीन लावून दोन दिवसांत सगळं आडवं केलं, तेही भर चांदण्याच्या पंधरवड्यात. त्या लाकडात भुंगा शिरला असं नंतर कानावर आलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

निघताना त्याने मला हाक मारली. "मावशी, तुमी रोज यायच्याव. आबानं अजून कुठं लाकूड ठिवलंय का?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तोंड मिटून उभी राहिले. विहीर माझ्या पाठीशी होती.

"मुकी हाय वाटतं," तो ड्रायव्हरला म्हणाला.

आता तिथेही सोयाबीन आहे. विहीर तेवढी उरली आहे, पाण्यावर हिरवा थर आलाय, खाली शिसवाचा तो ओंडका. काठवट कोरणारा माणूस आता आमच्याकडे नाही. तरी काल दुपारी मी काठावर गेले, वाकले आणि म्हणाले, "आबा, काठवट पाहिजे."

शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बायांनी माना वर केल्या. मी पुन्हा मागितली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.