दोन पॅनेल काढली आणि वीज वाढली

गल्लीतल्या शिवणकामवाल्या मावशींना वस्तू टाकून देणं जमत नाही. मोडलेल्या चेनचा रनरसुद्धा त्या काढून ठेवतात. त्यामुळे घरावर सोलर बसवायचं ठरलं आणि तीन नवी मोठी पॅनेल आली, तेव्हा माळ्यावरची दोन जुनी, छोटी पॅनेलही त्यांनी खाली काढली. धाकट्या दिरांनी रोपवाटिका बंद करताना ती दिली होती.

"चालतायत ना? मग लावा," त्यांनी जावयाला सांगितलं.

जावई इलेक्ट्रिशियन. हात चांगला, पण कामात चूक काढली की चेहरा असा पडतो की सांगणाऱ्यालाच अपराधी वाटावं. त्याने पाचही पॅनेल एका ओळीत जोडली आणि इन्व्हर्टर चालू करून दिला.

उन्हाळा असूनही भर दुपारी इन्व्हर्टरच्या पडद्यावर आकडा सहाशे वॅटच्या वर काही सरकेना. इस्त्री लावली की बॅटरी तासाभरात मान टाकायची आणि शिलाई मशीन अर्ध्या बाहीवर थांबायचं. मग मावशी उरलेली बाही हातानेच शिवायच्या. जावयाला काय बोलणार?

मग गच्चीवरची टाकी गळायला लागली. प्लंबर आला. जुनी दोन पॅनेल नेमकी टाकीच्या पायाशी होती. मावशींनी आधी स्विच बंद केला, मग प्लंबरने ती दोन सोडवून बाजूला ठेवली आणि उरलेल्या तीन पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडून दिल्या. स्विच पुन्हा चालू करून मावशींनी सहज पडद्याकडे पाहिलं. हजार.

त्यांनी चष्मा पुसला. तरी हजारच.

"अहो, ती दोन परत जोडा बघू."

स्विच बंद, जोडणी, स्विच चालू. सहाशे.

"आता काढा."

हजार.

"पुन्हा एकदा जोडता का?"

"मावशी," प्लंबर म्हणाला, "मी टाकीसाठी आलो होतो."

मावशींनी लेकीला फोन लावला. "मी सांगते त्यांना," लेक म्हणाली.

"तू सांगितलंस तर आठवडाभर तुमच्या घरात तोंडं फुगलेली. राहू दे, मीच बघते."

त्यांनी जावयाला फोन केला. "जावईबापू, माझ्या हातून सोलरचं काहीतरी बिघडलंय वाटतं. जरा येऊन जाता का?"

जावई ऐटीत आला. "काय बिघडलं, आई?"

"वीज वाढलीय."

तो मीटर घेऊन गच्चीवर गेला. मावशी मागोमाग. त्याने एकेक पॅनेल तपासलं. नव्यांतून नऊ अँपिअर येत होते, जुन्यांतून जेमतेम चार. तो पालथ्या बादलीवर बसला.

"एका ओळीत जोडलं की सगळ्यांतून सारखाच करंट वाहतो," तो म्हणाला. "जुनी चारच देतात, म्हणून नव्यांनाही चारवरच थांबावं लागत होतं."

"म्हणजे आमच्या भावजींच्या पॅनेलनी अडवून धरलं होतं?"

"त्यांनी नाही, आई. मीच धरलं होतं. लावण्याआधी मोजायला हवं होतं."

मावशींनी समजुतीची चार वाक्यं घोळवून ठेवली होती. ती सगळी फुकट गेली. त्या चहा टाकायला खाली गेल्या.

चहा पिताना जावई म्हणाला, "जुनी दोन भंगारात देऊन टाकतो."

"हात तर लावून बघा."

शेवटी त्यानेच मार्ग काढला. दोन्ही जुनी पॅनेल एकसारखी होती, म्हणून त्यांची ओळ वेगळी केली. तिला बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा वेगळा छोटा चार्ज कंट्रोलर आणि वेगळी छोटी बॅटरी दिली. त्यावर मशीनवरचा दिवा, टेबलफॅन आणि रेडिओ चालू लागले. मोठी तीन इन्व्हर्टरला राहिली. आता मावशी बाराच्या उन्हात खुशाल इस्त्री करतात.

जावयाच्या मनातून मात्र ते जाईना. आणखी चार घरांत आपण अशीच जुनी-नवी पॅनेल एकत्र जोडलीत, हे त्याला आठवलं. कोणी तक्रार केली नव्हती, तरी तो ती दुरुस्त करायला निघाला, आणि सोबत मावशींना घेतलं. "आई, तुम्ही समजावून सांगितलंत की लोक चिडत नाहीत."

पहिल्या घरी तो गच्चीवर वायरी सोडवत होता, तेव्हा खाली मावशी घरमालकिणीला नऊ आणि चारचा हिशेब सांगत होत्या. अर्ध्या तासाने तो खाली आला, तर मावशींच्या गळ्यात टेप होती आणि बाई हात पसरून उभ्या होत्या.

"झालं का तुमचं?" मावशींनी विचारलं. "थांबा जरा. दोन ब्लाऊजची मापं राहिलीत."