हूकताई आणि दुसऱ्याची नळी

हूकताईंनी मला पाण्यात टिकवलं, म्हणून मी मुंबईत टिकलो. हे पहिलंच सांगून ठेवतो. पुढे लिहिताना माझं मागंपुढं होईल, काही राहून जाईल, पण एवढं तरी नीट पोचावं.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. अंधेरीतल्या आमच्या स्कूबाच्या, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहण्याच्या क्लासमध्ये त्या शिकवायच्या, आणि सगळे त्यांना हूकताईच म्हणायचे, अगदी तोंडावर. कारण लोंबणारी वस्तू ताईंना बघवायची नाही, दिसली की कुठेतरी अडकवून टाकायच्या. समुद्राखाली शिकवताना लागलेली ही सवय त्या रस्त्यावरही घेऊन फिरायच्या. सिग्नलला बाइकवर मागे बसलेल्या मुलीची ओढणी चाकाकडे निघालेली दिसली, की ताई गाड्यांमधून वाट काढत जायच्या आणि ती ओढणी तिच्या मांडीखाली खोचून परत यायच्या. एकदा रिक्षाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या बॅगेचा पट्टा खाली लोंबत होता. ताईंनी उचलून त्याच्याच बॅगेत खुपसला. तो गर्रकन वळला.

"ओ मॅडम, काय चाललंय?"

"पट्टा लोंबत होता."

"माझा आहे ना पण तो?"

"म्हणूनच तुमच्या बॅगेत घातला. माझा असता तर माझ्या घातला असता."

त्याची रिक्षा आली, तो गेला. ताई पुढच्या रिक्षात बसून मोकळ्या. मी मागे उभा, कुठं तोंड लपवू असं झालेलं.

मी हिंगोली जिल्ह्यातला. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पोहायला शिकलो विहिरीत, कंबरेला वाळका भोपळा बांधून. चुलतभावाबरोबर मुंबईत आलो, वर्षभरात तो पुण्याला गेला आणि मी इथेच राहिलो. आई गेल्यावर गावच्या घराला भावकीचं कुलूप लागलं, त्यामुळे परत जायचं म्हटलं तरी कुठे, हा प्रश्नच होता. क्लासमध्ये माझं काम म्हणजे पोहण्याच्या तलावातला सराव संपला की रबरी सूट धुवायचे, वाळत घालायचे, सामान पेट्यांत भरायचं. क्लासचं जादा सामान ठेवायला दिंडोशीत एक खोली होती, तिथेच मी झोपायचो. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की मुंबई गेली, असा माझा हिशोब होता.

एक दिवस क्लासचे मालक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, म्हणाले, "पोहतोस चांगला. सूट धुवायला आता मशीन घेतोय मी. तू पाण्यात ये. सीझनच्या आधी मालवणला समुद्रात मदतनिसाची परीक्षा दे. जमलं तर कायम करतो. नाही जमलं तर मात्र बघ बाबा, मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं.

विहिरीत मला कधी भीती वाटली नव्हती. तिथे अंगावर काहीच नसतं. इथे पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि वर कितीतरी सामान. हवा किती उरली ते दाखवणारा मीटर, टॉर्च, जाळं कापायचा छोटा कटर, शिट्टी, वर सोडायचा सिग्नलचा फुगा, आणि एक जादा नळी. तलावाच्या मधोमध गेलो की माझे हात आपोआप चाचपायला लागायचे. टॉर्च आहे ना? कटर पडला तर नाही? मग श्वास वाढायचा, आणि मी वर. दरवेळी वर. चौथ्यांदा की पाचव्यांदा वर आलो तेव्हा ताई काठावर उभ्या होत्या. त्यांच्या वडिलांचं गाव मालवणकडचं. ते गिरणीत कामाला होते, नंतर कुटुंब दिंडोशीला आलं. ताई शिकवताना साधं बोलायच्या, पण मनातून बोलायच्या तेव्हा मालवणी यायची.

"भितस कित्याक रे?"

"ताई, सामान जागेवर आहे का ते कळत नाही."

"हात शोधायला लागले की श्वास पळायला लागतो. उद्यापासून तुझ्या हातांना शोधायला काही शिल्लक ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळं सामान चढवून काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. "कटर," म्हणायच्या. मी हात न्यायचा, काढायचा, परत लावायचा. "शिट्टी." "फुगा." चुकीच्या जागी हात गेला की बोटांवर पट्टी नाही, ओरडणं नाही, फक्त "परत." हे किती दिवस चाललं सांगता येत नाही. शेवटी मी वडापाव खात असतानाही त्या मागून येऊन "कटर" म्हणायच्या आणि माझा हात वडापावासकट छातीच्या डाव्या बाजूला जायचा. वॉचमन हसायचा. ताई हसायच्या नाहीत, पुढे निघून जायच्या.

बांधण्याबद्दल त्यांचं ठरलेलं होतं. "एका जागी अडकवलं म्हणजे टांगलं. दोन जागी अडकवलं म्हणजे बांधलं." मीटरची नळी दोन जागी, टॉर्चचं तोंड वर आणि शेपूट खाली, दोन जागी. हूक मात्र सरळ सामानाला लावायचा नाही, मधे जाड दोरीचा फास पाहिजे. "हूक गंजून बसला तर दोरी कापता येते. लोखंडाला लोखंड लावलं की मग देवाला हाक मारायची, तोंडात नळी असताना."

शनिवार-रविवारी शिकायला ऑफिसवाले यायचे. वांद्र्याचा एक जण सगळं ऑनलाइन मागवून घेऊन आला. दोन टॉर्च, पोटरीला सुरा, मनगटावर कॅमेरा, छातीवर पाण्याखाली लिहायची पाटी, कंबरेला कसलीशी दोरीची चकरी. ताई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"कुठे स्वारी?"

"मॅडम, सेफ्टीसाठी घेतलंय."

"आकाशकंदील झालायस. यातलं खाली काय लागेल?"

"सगळंच लागू शकतं ना?"

"मग कशाला हात घालशील पहिला?"

तो विचार करायला लागला. ताईंनी पट्टे सोडायला सुरुवात केली. "विचार करून हात घालायचा असेल तर घरी ठेव. तिथे टेबल असतं." तो चांगला माणूस होता, हसला आणि सगळं पिशवीत भरून माझ्याकडे दिलं.

असं सगळ्यांशी बोलायच्या, पण कोणात मिसळायच्या नाहीत. डबा तलावाच्या टोकाला एकट्याच बसून खायच्या. मी दुसऱ्या टोकाला. एका रविवारी म्हणाल्या, "घरी चल, बांगड्याचं तिखलं केलंय, मला एकटीला जास्त होतं." दिंडोशीतच, माझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखं घर. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ त्याच वसाहतीत मागच्या इमारतीत राहायचा, पण येणं-जाणं नव्हतं. ओट्यावरच्या कडच्या आणि झारे दोन-दोन खिळ्यांना. फडताळात एकच ताट होतं, ते मला वाढलं आणि स्वतः कढईच्या झाकणात घेऊन बसल्या. मी म्हटलं, ताई, असं कसं, तर म्हणाल्या, "ताट धुवायला तूच आहेस. जेव." जेवता जेवता मी विचारलं, पाण्यात एवढा जीव का. म्हणाल्या, "खाली सगळे एकमेकांना सारखं विचारतात, ठीक आहेस का, बोटाची खूण करून. आणि उत्तर मिळेपर्यंत नजर हटवत नाहीत. वर असं कोण विचारतं?" माझीही खोलीवर तीच गत होती, पण ते सांगायला त्या वेळी तोंड उघडलं नाही.

मालवणला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझं सामान तपासलं. मी सगळं दोन-दोन जागी आवळून ठेवलं होतं, हलवून बघितलं तरी काही हलत नव्हतं. मला वाटलं, आज शाबासकी. त्या जादा नळीपाशी थांबल्या. तीही मी दोरीने गच्च बांधली होती, गाठीवर गाठ. ताईंनी माझाच कटर काढला आणि गाठ कापून टाकली.

"ही कोणाची?"

"माझी. माझ्या टाकीची आहे ना."

"तुझी नाही. ही दुसऱ्याची आहे. तू नुसती वागवतोस. खाली ज्याची हवा संपेल तो तुझ्यापर्यंत येईल, आणि त्याला गाठ सोडायला वेळ नसेल." त्यांनी एका रबरी कड्यात नळीचं तोंड छातीवर अडकवलं. "ओढ." मी ओढली. एका झटक्यात हातात आली. "आपलं सामान गच्च. दुसऱ्याचं एका ओढीत सुटेल असं. आणि दिसेल अशा जागी."

परीक्षेत असं होतं: खाली गेल्यावर ताई हवा संपल्याची खूण करणार, मी जादा नळी द्यायची, त्यांचा पट्टा धरायचा आणि हळूहळू त्यांना वर आणायचं. सर थोड्या अंतरावरून बघणार. त्या दिवशी पाणी गढूळ होतं. सर मला सावलीसारखे दिसत होते, ताई हातभर अंतरावर. माझे हात मात्र शांत होते. मी मनात म्हटलं, आता खूण येईल.

खूण आलीच नाही. ताई एकाएकी एका बाजूला कलल्या. त्यांनी कानावर हात दाबला, आणि डोकं कुठे, पाय कुठे ते त्यांना कळेना असं दिसलं. तोंडातली नळी तेवढी कशालाच बांधलेली नसते, ती दातांनी धरायची असते. ती सुटली आणि खांद्यामागे गेली. ताईंचा हात ती शोधायला लागला. त्यांचा हात, ज्यांनी मला शोधायचं नाही म्हणून शिकवलं. मी जवळ गेलो तोवर त्यांनी माझ्या छातीवरची नळी ओढली. एका ओढीत आली. त्यांनी श्वास घेतला. मी पट्टा धरला, तोंडासमोर तोंड धरलं, बोटांनी विचारलं, ठीक? उत्तर नाही. परत विचारलं. मग त्यांनी खूण केली, आणि आम्ही वर निघालो. हळूहळू, घाई न करता. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

होडीत त्या बाजूला वाकून ओकल्या. सर वर आले ते हसतच.

"ताई, काय अॅक्टिंग केलीत. मला खरंच वाटलं."

ताईंनी तोंड पुसलं. "पोरगा पास आहे," म्हणाल्या. "लिहून घ्या."

सर पुढे गेल्यावर मी त्यांच्याजवळ सरकलो. त्यांनीच हळू आवाजात सांगितलं. डाव्या कानाचा पडदा बऱ्याच दिवसांपासून फाटलेला होता. पाणी आत गेलं की जग फिरायचं. आजवर निभावलं होतं. हे कोणाला कळलं तर पाणी बंद होईल, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

"आता सरांना सांगणार आहे मी," त्या म्हणाल्या. "तुझं कायमचं पत्र आलं की. आधी सांगितलं तर ते परीक्षा परत घेतील, आणि माझ्या जागी कोणालातरी आणतील. तू खऱ्यावर पास झालायस, हे तुला माहीत असू दे. बाकी गप्प बस."

पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी दवाखान्यात पाठवलं. तिथलं मला त्यांनी नंतर सांगितलं, मुंबई सोडून निघायच्या दिवशी, सामान बांधता बांधता, जणू गंमतच झाली होती. डॉक्टर तपासून म्हणाले, सोबत कोण आहे, त्यांना आत बोलवा. ताई म्हणाल्या, सोबत कोणी नाही, मलाच सांगा. डॉक्टर नेमके डाव्या बाजूला उभे होते. त्यांनी सांगितलं ते ताईंना ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं, की आता पाण्यात जायचं नाही, कधीच नाही, आणि तपासायला दर काही महिन्यांनी यायचं. "बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळलं," ताई म्हणाल्या आणि हसल्या. मी त्या वेळी अंधेरीतच होतो. तलावात, दुसऱ्या कोणाला तरी कटर कुठे लावायचा ते दाखवत. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं.

त्या कुडाळजवळ बहिणीकडे गेल्या. फोन करतो. ऐकायला कमी येतं म्हणून बोलणं लांबत नाही.

"बरा आहेस ना?"

"हो ताई. तुम्ही? तपासायला इकडे कधी येताय?"

"बघू. कोण एवढ्या लांब येतंय. ठेवते."

दर वेळी हेच. बहीण म्हणते, एकटीला कशी पाठवू, आणि ताई म्हणतात, मग नकोच.

सीझन संपला की मला सुट्टी मिळते. मी ठरवलंय, आणि इथे लिहितो म्हणजे मागे सरता येणार नाही. ताई, मी कुडाळला येईन आणि तुम्हाला तपासायला मुंबईला घेऊन येईन. तुम्ही नको म्हणाल, मी दारात बसून राहीन. तुम्ही माझ्यासाठी केलंत त्याची फेड त्यात होणार नाही, ती होईल तेव्हा होईल. पण दवाखान्यात तुमच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर मी बसेन, आणि सोबत कोण आहे म्हणून विचारलं, की उठून उभा राहीन.