काच न लावलेलं मानपत्र

पूल संपता संपता बर्नादेत बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. ऊन चढलं होतं. मी म्हटलं, "बाई, अजून सांगते, रिक्षा बघूया. दाजींची वाडी आणखी बरीच पुढे आहे."

"रिक्षान लगेच पोचतलंव गो," बाई म्हणाल्या. "माका इतक्या लगेच पोचाक नको."

त्यांच्या बगलेत दोन जाड पुठ्ठे होते, मध्ये एक कागद ठेवून नाडीने बांधलेले. मी दोनदा हात पुढे केला तरी त्यांनी ते माझ्याकडे दिले नव्हते. पुलाखालून खाडी नेहमीसारखी वाहत होती. पलीकडच्या काठाला दाजींची होडी पालथी घालून ठेवलेली दिसत होती. बाईंनी तिकडे एकदा बघितलं आणि चालायला लागल्या.

बर्नादेत रॉड्रिक्स म्हणजे आमच्या मराठीच्या बाई. त्यांचं माहेर गोव्याकडचं, घरात प्रार्थना कोकणीत चालायची, पण फळ्यावर त्यांनी मराठी लिहायला घेतलं की वर्ग गप्प व्हायचा. शिरोरेषा कधी वर गेली नाही की खाली आली नाही. शिकवताना शुद्ध मराठी बोलत, आणि मनातलं काही सांगायचं असलं की मालवणीवर येत. त्यावरूनच आम्हाला कळायचं की आता बाई खरं बोलतायत.

शाळा खाडीच्या पलीकडे. नोकरीची सगळी वर्षं बाई दाजींच्या होडीतून गेल्या नि आल्या. दाजी वल्हवायचे, बाई फळीवर बसायच्या, मांडीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा. नवीन माणसाला वाटायचं, जेवणाचा डबा असेल. त्यात कागद असायचे. खारी हवा लागली की कागद सादळतो आणि सादळलेल्या कागदावर शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षराला मुळं फुटतात. म्हणून त्या डब्यात कागदांच्या खाली भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवत.

कागदाचं त्यांना वेड होतं, दुसरा शब्द नाही. दिवाळीच्या सुट्टीत एसटीने फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायच्या, ते कागदाच्या दुकानात. दुकानदार रिमं काढून काढून थकायचा. बाई ताव उजेडात धरत, कानाजवळ हलवून आवाज ऐकत, आणि मग कोपरा जिभेला लावत. जीभ चिकटली तर तो कागद शाई पिणार, बाजूला ठेवायचा. एकदा दुकानदार म्हणाला, "बाई, मीठ आणू काय वर घालायला?" हे त्या आम्हाला वर्गात हसत हसत सांगायच्या. शेवटी पेनाने 'ळ' आणि 'क्ष' काढून बघायच्या. या अक्षरांच्या पोटात शाई साचते. तिथे कागद टिकला तर सगळीकडे टिकेल, असा त्यांचा हिशोब.

त्यामुळे गावात कुणाचाही सत्कार ठरला की मानपत्र बाईंनीच लिहायचं. मजकूर वाचनालयात मी आणि सेक्रेटरी मिळून करत असू, अक्षर बाईंचं. लिहून झालं की कुडाळला फ्रेम करून आणायचं, काच लावून. गावातल्या कितीतरी घरांत अशी मानपत्रं देवाच्या तसबिरींच्या रांगेत लावलेली आहेत.

पूल सुरू झाला आणि दाजींची होडी बंद झाली. इतकी वर्षं अख्ख्या गावाची ज्यांनी ने-आण केली, त्यांना काहीतरी द्यायला हवं असं देवळातल्या बैठकीत ठरलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. बाईंनी या वेळी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्यांचा भाचा शेल्डन जहाजावर असतो. त्याने जपानी कागदाचं पॅड आणून दिलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद, पण शाई पाठीमागे उमटत नाही. उलट वर तरंगल्यासारखी राहते आणि निळ्या अक्षराला कडेने तांबूस चमक येते. बाईंनी वाचनालयात येऊन मला तो दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा शाळकरी पोरीसारखा झाला होता. दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी फ्रेम करू दिली नाही. "काचेखाली काय दिसणार?" म्हणाल्या. "लोकांना हातात घेऊ दे. बोटांना कळू दे कागद."

समारंभ देवळासमोरच्या मांडवात झाला. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, मग सत्कार. आमच्याकडे श्रीफळ कोरडं देत नाहीत. भटजी नारळ पाण्यात बुडवून, कुंकू लावून, तसाच निथळता हातावर ठेवतात. दाजींनी नारळ घेतला, कपाळाला लावला, संचिताकडे, म्हणजे त्यांच्या सुनेकडे, दिला. आणि त्याच ओल्या हातांनी मानपत्र घेतलं.

पहिल्यांदा त्यांचं नावच गेलं. निळा ओघळ खालच्या दोन ओळींवर आला. दाजी घाबरले आणि नव्या शालीच्या पदराने पुसायला गेले, मग तर सगळंच एकत्र झालं. निवेदनाला देवेश होता. शांतता भरून काढायची त्याची सवय. तो माइकमध्ये म्हणाला, "दाजीनु, होडी बंद झाली तरी पाणी काय तुमका सोडणा नाय!"

मांडव हसला. वाईट मनाने नाही, पण पोटभर हसला.

दाजींनी माइक मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा घेतला असेल. आणि ऑफिसात बोलतात तशा जपून मराठीत म्हणाले, "बाईंनी एवढं सुंदर लिहिलं होतं. माझा हात ओला होता. माझ्याकडून खराब झालं. गावाने माफी करावी."

बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

तेव्हा आम्हाला कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. काय बोलणार बिचाऱ्या, असंच वाटलं. पूल उतरल्यावर, आंब्याच्या कलमांच्या कडेने चालताना मात्र बाईंनी मला विचारलं, "तुका काय वाटला, सुगंधा? त्या दिवशी मी कित्या गप्प बसलंय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असेल. एवढी मेहनत फुकट गेली."

"माका ठाऊक होता," बाई म्हणाल्या.

मला कळलं नाही. चालता चालताच त्यांनी सांगितलं. लिहायच्या आधी त्यांनी त्याच कागदावर सराव केला होता. जेवणाच्या टेबलावर पेला कलंडला आणि त्या सरावाच्या कागदावर चार थेंब पडले. निळी शाई वाहून गेली, मागे नुसता डाग. टेबलावरच दुसरी दौत होती, काळ्या शाईची, पाण्याने न पसरणारी. ती त्यांनी त्या कागदावर लावून बघितली. अक्षर टिकलं, पण मंद दिसलं. चमक नाही. "काळी घेतलंय आसतंय तर कोणी विचारला नसता, हो कागद खंयचो म्हणान," बाई म्हणाल्या. "आणि काच लावलंय आसतंय तरी झाला असता. तीव नको म्हटलंय. आयुष्यभर ज्याच्या होडयेत बसलंय, त्याचे हात ओले असतत ह्या माका नवीन होता?"

वाटेत खुरीस आला, रस्त्याकडेचा क्रूस. बाई नेहमी तिथे थांबून हात कपाळाला, छातीला लावतात. या वेळी मान खाली घालून पुढे गेल्या. मी मनातल्या मनात आमच्या सातेरी देवीचं नाव घेतलं. दुसरं काय करणार.

"ता तरी एक वेळ चलला," थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या. "चूक होता माणसाक. पण दाजी थय माफी मागत होते आणि माज्या मनात काय होता माहीत आसा? बरा झाला. कोणाच्या लक्षात इला नाय, ह्याच मनात होता."

बाईंच्या तोंडून असलं ऐकायची मला सवय नव्हती, आणि त्यांच्याकडे बघायचीही मलाच लाज वाटत होती.

दाजी पडवीत जाळं शिवत बसले होते. आम्हाला बघून उठले. "बाई इले! गो संचिता, पाणी हाड! चलत इलास? बघा, सरकारान पूल बांधलो आणि मास्तरणीक चलाक लावला. होडी असती तर मी आणूक इलंय असतंय."

बाई हसल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि नाडी सोडायला लागल्या. गाठ सुटेना. दाजींनी ती एका हाताने सोडून दिली. आत नवं मानपत्र होतं. मजकूर तोच, कागद बाईंचा नेहमीचा जाडसर कोल्हापुरी, शाई काळी. दाजींनी हात आधी लुंगीला पुसले, मग वाऱ्यावर धरले, आणि तरीही कागदाला लावले नाहीत.

"नको बाई," म्हणाले. "पुन्हा माज्या हातान खराब होतला. एकदा तुमचा काम वाया घालवलंय, पुरे झाला."

"तुमच्या हातान नाय झाला ता. चूक माजी होती. शाई चुकीची होती."

"असा कसा? सगळे म्हणत होते, असो कागद जिल्ह्यात नाय म्हणान. तुमी माका बरा वाटाचा म्हणान बोलतास."

बाई पुन्हा सांगत राहिल्या, दाजी पुन्हा मान हलवत राहिले. त्यांना खोटं वाटत होतं असं नाही. बाईंची चूक होऊ शकते हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी बाईंनी पेल्यात बोटं बुडवली आणि नव्या मानपत्रावर, बरोबर दाजींच्या नावावर, पाणी शिंपडलं.

"बाई! काय करतास!" दाजी पंचा घेऊन धावले. बाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा. बघा."

थेंब अक्षरांवर तसेच बसून राहिले. नाव जिथल्या तिथे.

संचिता दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "म्हणजे अशी शाई मिळता?"

"मिळता."

"तेवा होती तुमच्याकडे?"

"टेबलार होती," बाई म्हणाल्या.

"आणि पयली पाण्यान जातली, ह्या म्हायत होता?"

"होता."

संचिता तोंडाची फटकळ आहे. "बाजारात मासे घेवक गेलंय काय बायो माका विचारतत, सासऱ्यान आज हात पुसले काय गो? हसतत. बाबा त्या दिवसापास्ना भजनाक गेले नाय, तुमका ठाऊक आसा? देवळात पखवाज दुसरो कोण तरी वाजयता."

"गप रव गो," दाजी म्हणाले. ते खाली बसले. आता त्यांना कळलं होतं. "म्हणजे मी थय उभो रवान माफी मागलंय, तेवाय तुमका ठाऊक होता."

"होय, दाजी."

आतून कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही. दाजींनी मानपत्र उचललं, त्यावरचं पाणी पंचाने हळूच टिपलं. मग आत गेले आणि जुनं घेऊन आले. देवघरात ठेवलं होतं त्यांनी. सगळं निळं, मध्ये कुंकवाचा एक ठसा, आणि खाली बाईंची सही तेवढी शाबूत. त्यांनी दोन्ही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवले. मला वाटलं, ते रागावतील. मला वाटतं, बाईंना तेच हवं होतं.

"नवीन ठेवतंय," ते म्हणाले. "तुमचा अक्षर घरात येता, त्याका ना म्हणूचा नाय. पण बाई, मी माइकार बोललंय. तुमी माज्या पडवेत येवन बोललात."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, चेहराही तसाच. मग संचिताला म्हणाले, "चाय टाक. बाईंका साखर कमी लागता." आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

बाईंनी चहा घेतला. नमस्कार केला, दाजींनीही केला, आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर बाई रिकामे पुठ्ठे बगलेत धरून पुढे चालत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बाई, दाजींनी ठेवून तर घेतलं. काच मी लावून आणते कुडाळहून."

"काच लाव," म्हणाल्या. "पण ता पुरेसा नाय. त्येनी सांगला ता ऐकलंस ना?"

कलमांची सावली संपून पुलाचा चढ लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "वाचनालयाचो वार्षिक कार्यक्रम त्याच मांडवात ना गो?"

"त्याच मांडवात. देवेशच निवेदनाला आहे."

"बरा आसा. आभाराच्या आधी माका पाच मिनटा दी. पत्रिकेत काय छापू नको. दाजींका आणि संचिताक मी स्वतः बोलवतंय."

"देते, बाई."

त्या थांबल्या. आता त्या शुद्ध मराठीत बोलतील असं मला वाटलं, काहीतरी नीट ठरवून. तसं झालं नाही.

"सुगंधा, तू माका शाळेत असल्यापास्ना वळाखतंस. गावासमोर माजा नाव बरा आसा, ता माका आवडता. ऐन वेळार माज्या तोंडातसून शब्द येवचो नाय. मी हसान, टाळये वाजवन बसान रवतलंय, त्या दिवशी बसलंय तशी. मी गप बसलंय तर तू माज्याकडे येवन माका उठव. लोक बघतत म्हणान भिया नको. हाताक धरून उठव."