अंकल, थोडा स्माइल

"अंकल, थोडा स्माइल कीजिए."

हे मी माझ्या बापाला म्हणाले. हिंदीत. फोटोसाठी.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधला कामगारांचा कॅम्प. शनिवारची दुपार. शिफ्ट सुटून आलेली माणसं उन्हात रांगेत उभी. आम्ही अमेरिकन शाळेची मुलं, सगळ्यांचे निळे टी-शर्ट, त्यांना पिशव्या वाटतोय. पिशवीत साबण, शाम्पू, टूथपेस्ट, टोपी. समाजसेवेचे तास भरायचे होते. तास नाहीत तर वर्षाचं सर्टिफिकेट नाही. मी श्रीवर्धनकडच्या गावातून एका वर्षासाठी एक्स्चेंजवर आलेली. ते सर्टिफिकेट घेऊन परत जायचं, एवढंच माझं काम.

रांग सरकली आणि अब्बा माझ्यासमोर आले.

त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही नाही. पिशवी दिली. रिया फोटो काढत होती. तिचे आईबाबा पुण्याचे, मरीना या महागड्या भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी राहायचे. "द मॅन ब्लिंक्ड. अगेन," रिया म्हणाली. मी पिशवी परत घेतली, पुन्हा दिली. "टेल हिम टू स्माइल." मी सांगितलं. अंकल म्हणून.

"जी मॅडम," अब्बा म्हणाले. आणि हसले.

खोटं मीच बोलले होते. पहिल्या आठवड्यात रियाच्या आईने विचारलं, वडील काय करतात? मी म्हणाले, बिझनेस, गावाला. अब्बा कित्येक वर्षं याच शहरात इमारतींना ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतात, त्या कॅम्पात एका खोलीत आठ जण राहतात, हे तोंडातून निघालंच नाही. त्या घरात मला कोणी वाईट वागवलं नाही. फक्त कोणी माझ्याशी बोलायचं नाही, आपसातही ते इंग्रजीच बोलायचे. शाळेत डबा मी लायब्ररीच्या जिन्यात बसून खायचे. आठवडाभरात मराठीत तोंड उघडायची जागा एकच. रविवारी करामा भागातलं एक हॉटेल, अब्बा आणि मी. रियाच्या घरी सांगायचे, मैत्रिणीकडे जाते. मैत्रीण एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. वाटलं, अब्बा येणारच नाहीत. ते आधीच येऊन बसले होते. टेबलावर तीच पिशवी.

"घे. साबण चांगला हाय गो. मला कशाला एवढा?"

"रांगेत का आलात? खोलीत बसायचं ना."

"तुला शाळेच्या कपड्यात कधी बघितली नव्हती," ते म्हणाले. मग हळूच, "फोटो नीट आला ना?"

मी तिथेच रडले. शाळेच्या गेटपर्यंतसुद्धा मी त्यांना कधी बोलावलं नव्हतं. मला बघायला माझा बाप साबणाच्या रांगेत उभा राहिला. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

सोमवारी वर्गात लिहायचं होतं, गरजूंना मदत करताना तुम्हाला काय वाटलं? मी तो फोटो चिकटवला. खाली लिहिलं, हे माझे अब्बा आहेत. त्यांना साबणाची गरज नव्हती.

टीचरने बाहेर बोलावलं. आवाज गोड. आधी सांगायचंस ना, आपण दुसरा फोटो घेऊ, हे परत लिही, म्हणजे तास धरता येतील.

"नो, मिस," मी म्हणाले.

रिया दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "यू लाइड टू अस." खरं होतं. मी माफी मागितली. फोटोची माफी तिने मागितली नाही.

तास धरले नाहीत. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. मी अब्बांना बोलावलं. ते कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आले, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून. आम्ही पुढच्या रांगेत बसलो. सर्टिफिकेटसाठी सगळ्यांची नावं पुकारली, माझं नाही. कार्यक्रम संपेपर्यंत आम्ही उठलो नाही.

आता कॉलेजचा फॉर्म भरतेय. वडिलांचा व्यवसाय. लिहिलं, खिडक्या बसवतात.

माझ्या माणसाच्या तोंडून "जी मॅडम" मी पुन्हा ऐकून घेणार नाही. दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच.